हिस्टरी घेणं

गुरुवारी तीनला वॉर्डातून थेट
आम्ही लायब्ररीवरच्या खोलीत चढतो,
हातांना सॅनिटायझरचा वास, खिशात अर्धं सँडविच.
पेट्रीबाई खिडकी उघडतात,
टे नदीवरचा वारा आत घेतात
आणि म्हणतात, चार्टमध्ये मावलं नाही ते लिहा.
वीस मिनिटं.

कॅलम विचारतो, याला मार्क किती?

त्याचं चूक नाही. आमच्या परीक्षेत नट येतात
पेशंट होऊन, पोट धरून सात मिनिटं कण्हतात,
आणि सहानुभूतीला दोन गुण असतात.
मी दोन्ही मिळवलेत.
मान किती कलवायची, मला पाठ आहे.

वॉर्ड सहा, खाट अकरा.
नेटी लॉरिमर, वय चौऱ्याऐंशी.
धाप. कोरडा खोकला. नखं फुगीर.
कधीपासून? जिना चढताना, की बसल्याबसल्या?
ती बघत राहिली, भाव न पटलेल्या गिऱ्हाइकासारखी.
मग म्हणाली, पोरी, तो मास्क काढ.
कान कधीच गेले. मी तोंडं वाचते.

पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागली.
मागांच्या खडखडाटात बायका ओठांनी बोलत,
बोटांनी शिव्या देत;
शेडच्या या टोकाची भानगड त्या टोकाला
जेवणाच्या सुट्टीआधी पोचलेली असे.
बहिरी झाले ते कळलंच नाही, म्हणाली,
फक्त रविवार सोमवारसारखा वाटू लागला.

तागाचा वास मला माहीत आहे.
कऱ्हाडला बाबांच्या दुकानात मागे पोती रचलेली,
दुपारी मी त्यांवर झोपायचे,
उठले की गालावर विणीची जाळी.
हे तिला सांगितलं नाही.
हिस्टरी घ्यायची असते, द्यायची नसते,
दुसऱ्या वर्षालाच शिकवतात.

ती सांगत होती. नवरा घरी, चुलीवर केटल,
गल्लीत निम्म्या घरांत तसंच, कमावत्या बायकाच.
एल्स्पेथची वेणी पट्ट्यात गेली,
मुकादमानं आधी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे.
वहीत मी लिहिलं, केस,
आणि पेन थांबलं. वेणी, की पेशंट?
मान कलवायची राहूनच गेली.

मध्येच ती थांबली.
दर वाक्याला ओठ मिटून उघडतेस तू,
तो शब्द कुठला? आमच्यातला नाही.

बरं, मी म्हटलं.
नकळत म्हणत असणार. म्हणजे, हं, पुढे सांग.
म्हणजे, ठीक आहे. म्हणजे…
दुखणं गेल्यावर माणूस होतं ते.

एवढ्या कामांना एकच शब्द?
ती हसली, खोकली, पुन्हा हसली.
आमच्या मालकांसारखीच
काटकसरी दिसते तुमची भाषा.

पेट्रीबाईंनी वाचलं. पोत्यांच्या ओळीवर रेघ मारली नाही,
समासात बारीक अक्षरात विचारलं,
हे तिला का नाही सांगितलंस?
अजून उत्तर दिलेलं नाही.

सोमवारी स्कॅन आला.
फुप्फुसांच्या तळाशी जाळी,
तशीच, गालावर उमटायची तशी.
डॉक्टर मॅकइन्रॉय म्हणाले, तू सांग, मी इथे आहे.

पडदा ओढला. मास्क काढला.
उजेड माझ्या तोंडावर येईल अशी खुर्ची लावली.
वाक्य तीन टप्प्यांत पाठ होतं.
पहिलाच टप्पा सापडेना.

शब्द न आलेलं तोंडही
तिला वाचता येत असावं.
तिनं माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली,
नाडी बघतात तशी,
आणि ओठ मिटले, उघडले,
आवाजाशिवाय, गिरणीतल्यासारखे:

बरं.